इन्किलाबपासून आझादीपर्यंत

सोमवार, ८ जून २००९. संध्याकाळी तुम्ही तेहरानच्या वलीअस्र रस्त्यावर उभे आहात. दोन्ही कडांना उंच चिनार, आणि चिनारांच्या मुळांशी दगडी पाट. अल्बोर्झ डोंगरावरच्या बर्फाचं पाणी या पाटांतून उत्तरेकडून दक्षिणेकडे धावतं. हा रस्ता जवळपास अठरा किलोमीटरचा आहे. वर डोंगराच्या पायथ्याशी तज्रीश, जिथे पैसेवाल्यांची घरं. खाली रेल्वे स्थानकाचा चौक, जिथे कामगारांची वस्ती. एरवी या दोन टोकांची माणसं एकमेकांच्या वाट्याला फारशी जात नाहीत. आज मात्र वरपासून खालपर्यंत लोकांनी एकमेकांचे हात धरले आहेत. कुणाच्या हातात हिरव्या कापडाची लांबच लांब पट्टी आहे, कुणाच्या मनगटाला हिरवी फीत. शेजारची कॉलेजातली मुलगी काही न विचारता तुमच्याही मनगटाला एक फीत बांधते आणि दोन बोटं वर करून विजयाची खूण करते.

हिरवा रंग मीर हुसेन मूसवी यांचा. ते सैयद, म्हणजे पैगंबरांच्या वंशातले, म्हणून त्यांच्या प्रचाराला हा रंग मिळाला. चार दिवसांनी, शुक्रवारी, अध्यक्षपदाची निवडणूक आहे. समोर विद्यमान अध्यक्ष महमूद अहमदीनेजाद. आणखी दोन उमेदवार आहेत, मेहदी करूबी आणि मोहसेन रेझाई. पण रस्त्यावर चर्चा दोघांचीच.

आणि चर्चा म्हणजे खरोखरची चर्चा. जरा पुढच्या चौकात जा. एका बाजूला हिरवे, दुसऱ्या बाजूला राष्ट्रध्वज घेतलेले अहमदीनेजादांचे समर्थक. मध्ये दहा-दहा, पंधरा-पंधरा जणांची कोंडाळी. महागाई, तेलाचा पैसा, मुलींना रस्त्यात अडवणारं नैतिकता पथक, कशावरूनही वाद. आवाज चढतात, पण हात उठत नाही. इराणमध्ये गेल्या कित्येक वर्षांत लोक इतक्या उघडपणे, अनोळखी माणसाशी, भर रस्त्यात राजकारण बोललेले नाहीत. दूरचित्रवाणीवर उमेदवारांच्या समोरासमोरच्या सहा वादचर्चा झाल्या आणि जणू बोलण्याचा परवाना सगळ्या देशाला मिळाला.

त्यातली ३ जूनची चर्चा सगळ्यांना तोंडपाठ आहे. अहमदीनेजादांनी एक कागद उचलला. त्यावर मूसवींच्या पत्नीचा, झहरा रहनवर्द यांचा फोटो होता. त्यांच्या शिक्षणावर, पदव्यांवर त्यांनी शंका घेतली. देशभर लोकांनी ते पाहिलं. रहनवर्दबाई शिल्पकार. तेहरानच्या मोहसेनी चौकातलं ‘माता’ हे शिल्प त्यांचं, आणि त्या चौकाला त्यावरूनच ‘मातेचा चौक’ म्हणू लागले. अल-झहरा या महिला विद्यापीठाच्या त्या कुलगुरू होत्या. प्रचारात त्या नवऱ्याचा हात धरून व्यासपीठावर आल्या, काळ्या चादरीखाली फुलाफुलांचा रुमाल बांधून. इस्लामी प्रजासत्ताकात असं कुणी पाहिलं नव्हतं. फोटोच्या प्रकारानंतर त्या गप्प बसल्या नाहीत. पत्रकार परिषद घेतली, माफी मागा म्हणाल्या, नाहीतर न्यायालयात खेचीन म्हणाल्या.

नवरा वास्तुविशारद आणि चित्रकार. अमूर्त चित्रं काढणारा, कमी बोलणारा, व्यासपीठावर अडखळणारा माणूस. १९८१ ते १९८९ पंतप्रधान, मग ते पदच रद्द झालं आणि ते वीस वर्षं सत्तेपासून दूर राहिले. रंग, रेषा, इमारती आणि कला अकादमीचं अध्यक्षपद एवढ्यात रमले. या रस्त्यावरच्या बहुतेक मुलामुलींचा जन्म त्यांच्या पंतप्रधानकीच्या काळातला किंवा नंतरचा. त्यांच्या लेखी मूसवी म्हणजे इराकशी चाललेल्या युद्धात रेशनची दुकानं नीट चालवणारा माणूस, असं आईवडिलांकडून ऐकलेलं.

पण तुम्ही भविष्यातून आला आहात, म्हणून आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत असली पाहिजे. १९८८च्या उन्हाळ्यात इराणच्या तुरुंगांमध्ये हजारो राजकीय कैद्यांना फाशी देण्यात आलं. तेव्हा पंतप्रधान मूसवीच होते. तो हुकूम त्यांचा नव्हता, पण त्या विषयावर त्यांनी पुढे वर्षानुवर्षं मोकळेपणानं तोंड उघडलं नाही. ज्यांची मुलं त्या उन्हाळ्यात गेली, त्या आया या साखळीत आनंदानं हात धरून उभ्या राहतील असं समजू नका. हा माणूस संत म्हणून रस्त्यावर उतरलेला नाही. त्याला रस्त्यानं घडवलं, आणि ते घडणं हळूहळू झालं. ते पाहायलाच तुम्हाला इथे आणलं आहे.

शनिवार, १३ जून. सकाळ. शहराच्या चेहऱ्यावरचं रक्त उडालं आहे. अहमदीनेजादांना जवळपास ६३ टक्के, मूसवींना जेमतेम ३४. जवळजवळ चार कोटी मतपत्रिका, हातानं मोजायच्या, आणि निकाल मात्र रातोरात. मतदानाच्या आदल्या रात्रीपासून मोबाइलचे संदेश बंद आहेत. आज संध्याकाळी फोनही बंद पडतील. रस्त्यांवर काठ्या घेतलेले दंगलविरोधी पोलीस आणि मोटारसायकलींवरचे, बसीज या सरकारनिष्ठ दलाचे स्वयंसेवक. काही ठिकाणी बस पेटवल्या गेल्या आहेत, दगड चालले आहेत. दुसऱ्या दिवशी वलीअस्र चौकातल्या विजयसभेत अहमदीनेजाद विरोधकांना उद्देशून ‘खस-ओ-खाशाक’ म्हणतात. काडीकचरा. हे शब्द लक्षात ठेवा, त्यांचं पुढे काय होतं ते बघायचं आहे.

आता इराणी पंचांगातला २५ खोर्दाद. आपला सोमवार, १५ जून.

मूसवींनी मोर्चाची परवानगी मागितली होती, गृहखात्यानं नाकारली. सकाळभर बातमी फिरते की मोर्चा रद्द झाला, पोलिसांना गोळीबाराचे हुकूम आहेत. दुपारी तुम्ही इन्किलाब चौकात पोचता तेव्हा पहिल्यांदा वाटतं, आज कुणी येणार नाही. तेहरान विद्यापीठासमोरची पुस्तकांची दुकानं निम्मी बंद आहेत. दुकानांच्या सावलीत माणसं उभी आहेत, पण जो तो आपण दुसऱ्याच कामाला आल्यासारखा. एक जण घड्याळ बघतो. एक बाई पिशवीतला भाजीपाला उगीच नीट लावते. मग गल्लीतून पाच जण येतात, दुसऱ्या गल्लीतून वीस. फोन नाही, संदेश नाही, तरी निरोप पोचलेला आहे. टॅक्सीवाल्यानं गिऱ्हाइकाला सांगितला, गिऱ्हाइकानं जिन्यात शेजाऱ्याला. अर्ध्या तासात रस्त्याचा डांबरी भाग दिसेनासा होतो.

तुम्ही चालू लागता. पश्चिमेकडे, आझादी चौकाच्या दिशेनं, साडेचार-पाच किलोमीटर. शेजारी काळी चादर घेतलेल्या एक आजी आहेत. पलीकडे गळ्यात आयडी कार्ड लटकलेला बँकेतला कारकून. पुढे मुलाला खांद्यावर घेतलेला बाप. मागे कपाळावर हिरवी पट्टी बांधलेली पोरं. हातांत साधे कागद, त्यांवर फारसीत आणि इंग्रजीतही एकच प्रश्न: माझं मत कुठे आहे? अमक्याला हाकला, तमक्याला फाशी द्या असं काही नाही. हिशेब मागणारा प्रश्न, जो मूसवींना मत न देणारा माणूसही रास्त म्हणेल. मला या मोर्चातली सगळ्यात मोठी कलाकृती हा प्रश्नच वाटतो. कोण्या कवीनं बसून तो रचलेला नाही.

आणि आवाज नाही.

म्हणजे पावलांचा आहे. वरून घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरचा आहे. लाखो चपला-बुटांची एकसारखी घसट आहे. पण घोषणा नाहीत. मागच्या पोरांपैकी एकाला राहवत नाही, तो ओरडतो. लगेच चारी बाजूंनी हात वर होतात, बोटं ओठांवर जातात. आजी वळून त्याच्याकडे बघतात आणि मान हलवतात. तो शरमत नाही, चिडतही नाही, हसून स्वतःच ओठांवर बोट ठेवतो. काही कागदांवर फक्त ‘शांतता’ एवढंच लिहिलं आहे. पुलावरून, गच्च्यांवरून लोक खाली पाण्याच्या बाटल्या देतात. चौकात दंगलविरोधी पोलिसांची रांग दिसते तेव्हा गर्दी क्षणभर आकसते. मग दोन बोटांची तीच खूण पोलिसांनाही दाखवली जाते. शिरस्त्राणाखालचे काही चेहरे वीस-बावीस वर्षांचे आहेत. त्यातल्या एकाची नजर खाली जाते.

हा शिस्तीचा धडा कुणी आधी दिलेला नाही. स्वयंसेवकांची फळी नाही, बिल्ले लावलेले संयोजक नाहीत. परवा शनिवारी जे जळलं त्यावरून लोकांना कळलं होतं की आज एक दगड जरी गेला तरी संध्याकाळच्या बातम्यांत ती दंगल होईल. म्हणून ज्यानं त्यानं शेजाऱ्याला सांभाळायचं ठरवलं. तुम्ही सोबत चालता आहात म्हणून सांगतो, गप्प राहणं इथे भीतीपोटी नाही. भ्यालेली माणसं अशी ताठ चालत नाहीत.

वाटेत कुठेतरी पुढची गर्दी दाटते, माना उंच होतात. एका गाडीवर मूसवी उभे आहेत. निकालानंतर ते पहिल्यांदाच लोकांसमोर आले आहेत. राखाडी दाढी, साधा शर्ट, हातात छोटा भोंगा. ते काहीतरी बोलत आहेत. तुम्हाला ऐकू येत नाही. आजींना ऐकू येत नाही. पन्नास पावलांवरच्यांनाही येत असेल की नाही शंका आहे. एवढ्या लोकांसाठी ध्वनिक्षेपक लावायची परवानगी कुठून मिळणार? लोक भोंग्याकडे बघतात, खूण करतात आणि चालत राहतात. नेत्याचं भाषण न ऐकताच मोर्चा पुढे सरकतो, कारण त्याला कुठे जायचं ते आधीच माहीत आहे.

मी या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला आहे. त्या गाडीवरच्या माणसानं त्या क्षणी काय पाहिलं असेल? चित्रकार माणूस. राजकारण्याला गर्दीत मतं दिसतात. या चित्रकाराला कदाचित दिसलं असेल की हे आपण काढलेलं चित्र नाही. पुढे वर्षभर तो आपल्या निवेदनांत ‘मी नेता नाही, सोबती आहे’ या अर्थाचं बोलत राहिला. ते वरवरच्या विनयानं म्हटलेलं नव्हतं, त्या दुपारचं वर्णनच होतं ते.

आझादी मनोरा समोर येतो. वास्तुविशारद हुसेन अमानत यांनी तरुणपणी रेखाटलेला, १९७१ साली पूर्ण झालेला, ४५ मीटर उंच, पांढऱ्या संगमरवराचा. शाहानं तो राजेशाहीच्या गौरवासाठी बांधला, क्रांतीनं त्याला स्वातंत्र्याचं नाव दिलं, आणि रचनाकार बहाई असल्यामुळे त्यांना देश सोडावा लागला. मनोऱ्याच्या भोवतालचं हिरवळीचं वर्तुळ माणसांनी भरून गेलं आहे. किती माणसं? तेहरानचे महापौर मोहम्मद बाकेर कालिबाफ, जे चळवळीचे मित्र नव्हते, त्यांनी तीस लाखांचा अंदाज दिल्याचं नोंदलं गेलं. आकडा सोडा. १९७९नंतर या चौकानं असं काही पाहिलं नव्हतं हे नक्की.

ऊन उतरतं. लोक परतू लागतात. चौकाजवळ बसीजचं एक ठाणं आहे. तिथे झटापट होते, आणि गच्चीवरून गोळ्या सुटतात. दिवसभराच्या शांततेनंतर तो आवाज पहिल्यांदा काय आहे तेच कळत नाही. मग लोक पळतात, कुणीतरी पडतं, चार जण त्याला चादरीत घालून उचलतात. दुसऱ्या दिवशी सरकारी रेडिओच सात जण ठार झाल्याचं सांगतो.

रात्री त्या आजी तुम्हाला आपल्या गच्चीवर नेतात. चौथा मजला, पाण्याच्या टाक्या, तबकड्यांच्या अँटेना. दिवे बंद. अंधारात एका गच्चीवरून ‘अल्लाहो अकबर’ अशी हाक येते. दुसऱ्या गच्चीवरून उत्तर. मग तिसऱ्या, दहाव्या, शंभराव्या. सगळं शहर अंधारात एकमेकांना हाका मारत असतं. कुणाचा चेहरा दिसत नाही, म्हणून कुणाला पकडता येत नाही. आणि देवाचं नाव घेणाऱ्याला धर्मराज्य काय म्हणून अटक करणार? आजींना हे नवीन नाही. १९७८च्या हिवाळ्यात त्या याच शहरात अशाच एका गच्चीवर उभ्या होत्या, शाहाच्या विरोधात. तेव्हा शेजारच्या गच्चीवरून साद घालणाऱ्यांपैकी काही जण आज राज्यकर्त्यांच्या बाजूला आहेत.

इथे क्षणभर आणखी मागे चला, कारण ही माणसं हवेतून आलेली नाहीत. १८९० साली तेव्हाच्या शाहानं तंबाखूची मक्तेदारी एका इंग्रजाला दिली, आणि पुढच्या वर्षी एका धर्मगुरूच्या फतव्यावर देशभर हुक्के विझले, अगदी राजवाड्याच्या जनानखान्यातसुद्धा. मक्तेदारी रद्द करावी लागली. १९०६च्या उन्हाळ्यात तेहरानचे व्यापारी, कारागीर, मदरशातले विद्यार्थी ब्रिटिश वकिलातीच्या बागेत जाऊन बसले. बारा-चौदा हजार माणसं, प्रत्येक व्यवसायाचा वेगळा तंबू, मोठमोठ्या हंड्यांवर शिजणारा भात, आणि झाडाखाली बसून राज्यघटना म्हणजे काय, संसद कशाला हवी, यावर दिवसचे दिवस चाललेली भाषणं आणि प्रश्नोत्तरं. तीन आठवड्यांनी शाह संसदेला कबूल झाला. परदेशी वकिलातीत आसरा घ्यावा लागला हा त्या लढ्याचा डाग, आणि आजही इराणी राज्यकर्ते प्रत्येक आंदोलनाला परकीय कट म्हणताना तोच डाग पुढे करतात. पण त्या बागेत लोक सल्लामसलत करायला शिकले, आणि वलीअस्रवरची ती कोंडाळी त्याच शाळेची पोरं आहेत.

परत २००९मध्ये या. पुढचे दिवस भराभर पाहू. १७ जूनला सोलमध्ये विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात इराणचे अनेक फुटबॉलपटू मनगटावर हिरव्या पट्ट्या बांधून मैदानात येतात. १९ तारखेला इंटरनेटवर एक चित्रफीत येते. पडदा पूर्ण काळा, दूरवरून गच्च्यांवरच्या हाका आणि त्यावर एका मुलीचा कापरा आवाज, स्वतःचे काव्यासारखे शब्द उच्चारणारा. ती कोण हे कुणाला कळलं नाही. २० तारखेला नेदा आगा-सुलतान ही २६ वर्षांची तरुणी गोळी लागून रस्त्यावर पडते आणि तिचे शेवटचे क्षण फोनवर टिपले जातात. सगळं जग ते बघतं. त्या दिवशी आणि पुढे अनेक दिवस मारहाण एकाच बाजूनं झाली असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. दगडही चालले, पोलीसही जखमी झाले. पण जमावाच्या तावडीत सापडलेल्या शिपायाभोवती कडं करून त्याला वाचवणारे, त्याच्या जखमेवर पाणी ओतणारे हिरव्या फितीवाले, यांचीही छायाचित्रं आहेत. मला ती नेहमी परत बघावीशी वाटतात.

आणि तो काडीकचरा?

मोहम्मद रझा शजरियान हे इराणी अभिजात संगीतातलं सर्वांत मोठं नाव. आपल्याकडे भीमसेनजींचं नाव जसं घराघरात घेतलं जातं, तसं त्यांचं तिकडे. त्यांनी सांगितलं की माझा आवाज हा त्या काडीकचऱ्याचाच आवाज आहे. सरकारी नभोवाणी-दूरचित्रवाणीला त्यांनी कळवलं की माझी गाणी वाजवणं थांबवा. क्रांतीच्या दिवसांत गायलेली देशगीतं तुमच्या प्रचारासाठी नाहीत. एकच अपवाद ठेवला, ‘रब्बना’ ही प्रार्थना. रमजानमध्ये रोजा सोडण्याच्या वेळी ती वर्षानुवर्षं देशभर ऐकवली जात असे, आणि ती लोकांची आहे असं ते मानत. पुढे सरकारनं ती प्रार्थनाही बंद केली. लोकांनी ती आपापल्या घरी लावली.

त्याच वर्षी शजरियान यांनी एक नवं गाणं आणलं. कविता फरीदून मोशिरींची. हातात बंदूक असलेल्या माणसाला ती उद्देशून आहे. कवी त्याला शाप देत नाही, त्याची टर उडवत नाही. शस्त्र बाजूला ठेव, समोर बस, बोल आणि ऐक, अशी विनवणी करतो. गोळीबार होऊन तीन महिने झाले नाहीत आणि देशातला सर्वांत मोठा गायक गोळी झाडणाऱ्याला बोलायला बोलावतो आहे, हे समजून घ्या. मला हे गाणं या सगळ्या चळवळीचं हृदय वाटतं. आवाज सुंदर आहे म्हणून नव्हे. समोरच्यालाही माणूस म्हणून धरलं आहे म्हणून. त्या बोलावण्याला उत्तर आलं नाही, हा गायकाचा पराभव नाही.

कलावंत नुसते व्यासपीठ सजवायला आलेले नव्हते, त्यांनी किंमत मोजली. दिग्दर्शक जाफर पनाही माँट्रियलच्या महोत्सवात परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते, तिथे ते हिरवा रुमाल घालून वावरले. २०१०च्या मार्चमध्ये त्यांना अटक झाली, वर्षअखेरीस सहा वर्षांची शिक्षा आणि वीस वर्षं चित्रपट करण्यावर बंदी. त्याच मार्चमध्ये ८२ वर्षांच्या कवयित्री सीमीन बेहबहानी यांना विमानतळावर अडवून त्यांचा पासपोर्ट काढून घेतला. महिला दिनासाठी त्या पॅरिसला निघाल्या होत्या. त्यांना तेव्हा डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं.

सामान्य माणसांनीही आपापली कला शोधली. नोटांवर हिरव्या शाईनं घोषणा लिहिल्या जाऊ लागल्या. भाजीवाल्याकडून दुधवाल्याकडे, दुधवाल्याकडून शिपायाकडे जाणारं वर्तमानपत्र. मध्यवर्ती बँकेनं अशा नोटा चालणार नाहीत असं जाहीर केलं, पण लोकांच्या खिशातले पैसे कोण जाळणार?

७ डिसेंबर, विद्यार्थी दिन. माजिद तवक्कोली हा विद्यार्थी नेता अमीरकबीर विद्यापीठात भाषण करतो आणि पकडला जातो. सरकारधार्जिण्या वृत्तसंस्था त्याचे बायकांच्या चादरीतले फोटो छापतात. बघा, तुमचा वीर बाई होऊन पळत होता. दुसऱ्या दिवसापासून इराणमध्ये आणि इराणबाहेर शेकडो पुरुष डोक्यावर रुमाल, चादर घेऊन स्वतःचे फोटो प्रसिद्ध करू लागतात. बाईचा पोशाख ही शिवी कशी झाली, एवढाच प्रश्न त्या फोटोंत होता. आणि तो राज्यकर्त्यांपुरता नव्हता. ज्या पुरुषांनी तीस वर्षं आपल्या बहिणींवर तो पोशाख सक्तीनं लादला जाताना मुकाट्यानं पाहिलं, त्यांनी तो प्रश्न आधी स्वतःला विचारला.

२७ डिसेंबर. आशुरा, मोहरमचा दहावा दिवस. आठवड्यापूर्वी कोम शहरातल्या आयातुल्ला मुंतझरींचं निधन झालेलं. १९८८च्या फाशीसत्राला त्या वेळीच उघड विरोध करून ज्यांनी सर्वोच्च नेतेपदाचा वारसा गमावला तेच हे मुंतझरी. त्या दिवशी तेहरानमध्ये माणसं मारली गेली. मूसवींचा भाचाही. पाच दिवसांनी, १ जानेवारी २०१०ला, मूसवींचं सतरावं निवेदन आलं. तुम्ही ते एका सायबर कॅफेत, दाराकडे पाठ करून वाचता. भाच्याला पुरून आलेला माणूस काय लिहितो? ना मी हाक दिली होती ना करूबींनी, तरी लोक आपणहून आले, असं तो लिहितो. आणि मग पाच मागण्या: सरकारनं संसदेला आणि न्यायसंस्थेला उत्तरदायी व्हावं, निवडणुकीचा स्वच्छ कायदा, राजकीय कैद्यांची सुटका, वृत्तपत्रांना मोकळीक, सभा-संघटनेचा हक्क. बदला हा शब्द त्यात नाही.

चळवळीच्या उणिवा तुम्हीही पाहिल्या असतील. रेल्वे चौकाच्या पलीकडचं दक्षिण तेहरान, कारखान्यांतले मजूर, कुर्द आणि बलुच प्रांत, तिथे हिरवा रंग विरळ होता. संप झाला नाही. विद्यापीठ आणि बाजार यांच्यात १९०६मध्ये जो पूल होता तो २००९मध्ये बांधला गेला नाही. माझ्या मते हिंसेपेक्षा या उणिवेनं चळवळीला अधिक थकवलं. नुसतं शांत राहून राज्य हलत नाही. ज्यांच्या हातात कामाचं, तेलाचं, दुकानांचं थांबणं आहे, त्यांच्याशीही तसाच संवाद लागतो जसा वलीअस्रच्या चौकात झाला. तो राहून गेला.

१४ फेब्रुवारी २०११. ट्युनिशिया आणि इजिप्तच्या लोकांना पाठिंबा म्हणून मूसवी आणि करूबींनी मोर्चाची हाक दिली. त्या दिवसांत दोघांनाही घरात कोंडण्यात आलं. पाश्चर रस्त्याजवळच्या अख्तर गल्लीत मूसवी आणि रहनवर्द यांचं घर. तुम्ही गल्लीच्या तोंडाशी येता, पुढे जाऊ देत नाहीत.

आता शेवटची उडी. २०२२च्या सप्टेंबरमध्ये, नैतिकता पथकानं पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतर, ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’ म्हणत मुली रस्त्यावर येतात. या वेळी कुर्दिस्तान सर्वांच्या पुढे आहे, बलुचिस्तान आहे. नेता कुणीच नाही. शर्वीन हाजीपूर नावाचा तरुण गायक लोकांनी ट्विटरवर लिहिलेली ‘कशासाठी’ची कारणं एकामागोमाग लावून गाणं करतो. तेहरानच्या कारंज्यांचं पाणी कुणीतरी लाल करतं. २००९च्या आजी असत्या तर त्यांनी या पोरींकडे बघून ओठांवर बोट ठेवलं नसतं, असं मला वाटतं.

४ फेब्रुवारी २०२३ला अख्तर गल्लीतल्या त्या घरातून एक निवेदन बाहेर येतं. २००९मध्ये मूसवी म्हणत होते, आहे तीच राज्यघटना पूर्णपणे अमलात आणा. आता ऐंशी ओलांडलेला तोच माणूस लिहितो की तेवढं पुरेसं राहिलेलं नाही. नव्या राज्यघटनेची गरज आहे का यावर सार्वमत घ्या, लोकांनी निवडलेली घटना समिती बसवा. क्रांतीच्या पंतप्रधानानं क्रांतीची घटना सोडली. हे त्याला कुणा पंडितानं शिकवलेलं नाही. ज्यांनी त्याचा भोंगा ऐकला नाही आणि तरी चालत राहिले, त्यांनी शिकवलं. हरित चळवळीला मतमोजणी परत मिळाली नाही, पण आपल्या नेत्याला तिनं बदललं, आणि नेत्यानं बदलून घेतलं. मला ही तिची खरी कमाई वाटते.

ते निवेदन आलं तेव्हा मीर हुसेन मूसवी आणि झहरा रहनवर्द यांना घरात कोंडून बारा वर्षं होत आली होती. त्यांच्यावर तोवर एकही खटला चाललेला नव्हता.